बंद केल्याची वही

आज सकाळी अकाउंट्समधल्या मुलीने माझ्या टेबलावर एक बिल आणून ठेवलं. 'रजिस्टर, २०० पानी, १ नग, ६० रुपये.' आमच्या एका ग्राहकाने पाठवलेलं. खाली निळ्या शाईत शेरा : 'तुमच्या इंजिनिअरमुळे घ्यावे लागले.' हे कुठल्या खात्यात टाकू, असं ती विचारत होती. म्हटलं, ठेव, बघतो. साठ रुपयांचं मला काही नाही. पण ते 'तुमच्या इंजिनिअरमुळे' सावजी रश्श्यातल्या हाडाच्या किरचीसारखं घशात रुतून बसलंय.

ग्राहक म्हणजे नागपूरच्या कळमना बाजारातले एक अडतदार. संत्री, मिरची, धान्य. हिशेब एका जुनाट विंडोज सॉफ्टवेअरवर, आणि ते बनवणारा माणूस कधीच धंदा गुंडाळून निघून गेलेला. त्यांचा सर्व्हर उन्हाळाभर गोदामात कूलरसमोर बसायचा. मागच्या वर्षी आम्ही त्यातलं सगळं काढून आमच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जुंपलेल्या कॉम्प्युटरांवर, आणलं. आता क्लस्टरवर आमचं बाकीचं सगळं कंटेनरमध्ये चालतं, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याचं सामान एकत्र बांधलेल्या हलक्या डब्यांत, आणि आमचे कंटेनर लिनक्सच्या गाभ्यावर जगतात, त्यामुळे विंडोजवालं काही त्यात नुसतं कोंबता येत नाही. त्यासाठी कुबव्हर्ट नावाची सोय आहे. ती आख्खं व्हर्च्युअल मशीनच, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला पूर्ण कॉम्प्युटरच, एका पॉडमध्ये (कंटेनर ठेवायच्या खोक्यात) बसवते. टिफिनच्या डब्यात फ्रिज ठेवावा तसं. पण चालतं, आणि एकाच यंत्रणेवर सगळं सांभाळता येतं, म्हणून अशा १४ ग्राहकांची मशीनं मी एकाच साच्यातून काढली. साच्यात एक ओळ होती : रनस्ट्रॅटेजी, ऑलवेज. म्हणजे, बाबा रे, हे मशीन कायम चालू असलं पाहिजे. पडलं तर उचल. कोणाला विचारू नकोस.

ती ओळ मीच लिहिली होती. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे रडताना अडचण नको.

तर गेल्या आठवड्यात साहेबांनी बोलावून सांगितलं, कळमन्याला जाऊन ये, त्यांचे हिशेबनीस फार चिडलेत. दुपारी दोन वाजता. मे महिना. पारा पंचेचाळीसच्या पुढे. तोंडाला दुपट्टा गुंडाळला, आईने खिशात कांदा घातला (माझं वय चौतीस आहे), आणि निघालो.

हिशेबनीस म्हणजे काकाजी. सत्तरीचे, पांढरा झब्बा, कानावर पेन. गल्ल्यामागे गादीवर बसलेले. समोर कॉम्प्युटर, त्याच्या मॉनिटरला लिंबू-मिरची बांधलेली. मिरची घरचीच होती म्हणा.

"बसा साहेब. पाणी घ्या. तुमच्या मशीनमध्ये काहीतरी हाय."

"काय झालं काकाजी?"

"मी बंद करतो. थे वापस चालू होते."

"मग ते चांगलंच आहे ना."

काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "चांगलं? तुमी घरचा पंखा बंद केला, अन् फाटकापर्यंत जाऊन वळून पाह्यलं तर थो आपल्या मनानं फिरून राह्यला. तर तुमी वायरमन बोलवाल का पेढे वाटाल?"

मग त्यांनी गादीखालून वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची. आत पट्टीने आखलेले रकाने : दिनांक, बंद केल्याची वेळ, तपासल्याची वेळ, स्थिती, सही. रोज संध्याकाळी ६.४० ला काकाजी समोरच्या कॉम्प्युटरवरून आमच्याकडचं त्यांचं मशीन शटडाऊन करत. घराला कुलूप घातल्यावर ते दोनदा ओढून बघणारी जी जमात असते ना, त्यातले ते. दोन मिनिटांनी पुन्हा आयकॉनवर टिचकी मारून बघायचे. 'स्थिती : चालू.' ६.४५ ला बंद. ६.४७ ला चालू. ६.५० ला बंद. एका मंगळवारी अकरा वेळा. अकराव्या नोंदीपुढे फक्त 'राम' लिहिलेलं होतं.

वहीची पानं उलटता उलटता माझ्या पोटात गोळा आला. कारण हे आकडे मी आधी पाहिले होते. मागच्या महिन्याच्या बैठकीत मी स्वतः मोठ्या पडद्यावर दाखवलं होतं, की एका ग्राहकाचं मशीन यंत्रणेने महिनाभरात १८६ वेळा आपोआप उभं केलं, मानवी हस्तक्षेप शून्य. टाळ्या पडल्या होत्या. समोसे आले होते. आणि हा मानवी हस्तक्षेप समोर गादीवर बसून मला पाणी पाजत होता.

"हे बघा काकाजी," मी सुरुवात केली, "त्याचं असं आहे, हे चालवणाऱ्या यंत्रणेचं नाव कुबरनेटीस."

"कुबेर?"

"कुबेर नाही. ग्रीक शब्द आहे. सुकाणू धरणारा, जहाजाचा."

"जहाज," काकाजी म्हणाले, आणि बाहेर बघितलं. बाहेर कळमना होता. झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला गाडी काढा, समुद्र लागेपर्यंत दिवस मोडतो. मी जहाज सोडून दिलं.

"तुमच्या कूलरला बॉलकॉक आहे ना? टाकीतलं पाणी उतरलं की बॉल खाली जातो, पाणी सुरू होतं. भरली की बंद. तुम्ही मग्ग्याने पाणी काढत राहिलात तरी ती टाकी पुन्हा भरणारच. तसंच हे आहे. आम्ही एका कागदावर लिहून ठेवतो, हे मशीन चालू पाहिजे. यंत्रणा दिवसरात्र बघत असते, कागदावर काय आहे आणि खरोखर काय आहे. फरक दिसला की मिटवते. तुम्ही आतून बंद केलं, तिला वाटलं मशीन पडलं, तिने उभं केलं."

इतकं सोपं मी आमच्या साहेबांनाही कधी सांगितलेलं नाही. काकाजी बराच वेळ कूलरकडे बघत राहिले.

"उमजलं. मंग तोटी कुठं हाय?"

"कसली तोटी?"

"बॉलकॉकच्या माघं तोटी राह्यते न जी. टाकी धुवाची असली का आपण थे बंद करतो. इथं कुठं हाय?"

तोटी होती. माझ्याकडे होती. त्यांच्याकडे नव्हती, कारण त्यांना ती लागेल असं मला वाटलंच नव्हतं. मी विषय बदलला.

"काकाजी, पण बंद करायची गरजच काय? ते मशीन इथे नाही, तुमच्या मीटरवर नाही. तुमचं बिल एक रुपयाने कमी होत नाही."

"नाई ना. पण कोनाच्या तरी मीटरवर असंल."

आमचे बाबा असेच. मी अंघोळीला गेलो की खोलीतला दिवा बंद, मी पाणी प्यायला उठलो की पंखा बंद. एकदा तर मी खोलीत असताना बंद केला. म्हणाले, हालचाल दिसली नाही. त्या पिढीसमोर 'कायम चालू' हा शब्द उच्चारणं म्हणजे भरल्या ताटात हात धुणं. ते असो.

"बरं, मशीन इथं नाई," काकाजी चिकाटीने पुढे आले, "तं हाय कुठं?"

"आमच्या क्लस्टरवर."

"कोन्त्या कॉम्प्युटरमध्ये?"

"सध्या पाच नंबरच्या."

"सध्या म्हंजे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "परवा तीन नंबरला होतं. तीन दुरुस्तीला काढायचा होता, म्हणून चालू अवस्थेतच ते पाचवर हलवलं. लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. तुम्हाला कळलंसुद्धा नाही, बघा."

"मले न इचारता?"

"विचारायचं काय त्यात?"

"भाऊ, त्यात मालकाचा पंचवीस सालाचा हिशेब हाय. अन् थो कोन्या खोलीत राहून राह्यला हे मले मालूम नाई. भाडेकरूबी खोली बदलली का सांगून जाते."

तेवढ्यात मालक आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही दोन हमाल आणि चहावाल्या पोट्ट्यासमोर : "तुम्ही इंजिनिअर आहात ना? मग तुम्हीच बंद करून दाखवा." मी तिथल्या तिथे शटडाऊन दाबलं. का दाबलं माहीत नाही. आत्ता मी काय समजावत होतो? पण दहा डोळे रोखलेले असले की माणूस दाबतो. दोन मिनिटांनी लॉगिनचा निळा पडदा हसत हसत परत आला. चहावाला पोट्टा म्हणाला, "अबे, भूत!" काकाजींनी वही पुढे केली. 'दु. ३.१०. इंजिनिअर समक्ष. बंद झाली नाही.' आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी सही केली.

ऑफिसात येऊन मी 'ऑलवेज' खोडलं, 'रीरनऑनफेल्युअर' लिहिलं. म्हणजे मशीन कोसळलं तरच उचल, कोणी नीट बंद केलं असेल तर झोपू दे. एक शब्द. त्यासाठी ऊन, कांदा आणि सही. साहेब म्हणाले, "युजर ट्रेनिंग कमी पडलं." मला खरंच राग आला तो इथे. आमचा करार म्हणतो ९९.९ टक्के वेळ चालू, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात जेमतेम ४३ मिनिटं बंदची मुभा. त्या ४३ मिनिटांवर आम्ही तासन् तास बैठका घेतो. दुकान किती वाजता बंद होतं, हे एकाने विचारलेलं नाही. मीही त्यातलाच. पण ट्रेनिंग म्हणे! कोणाला द्यायचं होतं?

दुसऱ्या दिवशी ९.५० ला फोन. "साहेब, बंद झाली. रातभर बंद राह्यली. आता चालू करा जी."

काकाजींना आतून बंद करता येतं. बंद मशीनला आत शिरून चालू करता येत नाही. ते काम बाहेरून, माझ्याकडून. असे चार दिवस ९.५० ला फोन आले. एकदा मी दाढी करत होतो, एकदा धरमपेठेत तर्री पोह्यांची प्लेट हातात होती. मग मी पुन्हा हुशार झालो. ठरावीक वेळी काम करणारा क्रॉनजॉब लावला : रोज सकाळी ९.३० ला मशीन उठव. फोन बंद, विषय संपला.

त्या दिवशी दुपारी तीनला मशीन उठलं. कारण आमचं क्लस्टर ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, तिथले साडेनऊ म्हणजे इथले तीन, आणि टाइमझोनच्या ओळीत एशिया कोलकाता लिहायचं मी विसरलो होतो. सकाळपासून काकाजींनी मला फोन केला नाही. त्यांनी नवीन वही आणली. जुनी 'बंद केल्याची', ही 'चालू झाल्याची'. मालकांनी पहिल्या पानाचा फोटो साहेबांना पाठवला : 'दु. ३.००. आपोआप उठली. जेवून झोपली असावी.'

तर हे ६० रुपये त्या वहीचे. शेवटी मी बिलावर सही करून अकाउंट्सला परत दिलं. दहा मिनिटांत ती मुलगी पुन्हा आली. सहीखाली तारीख आहे, म्हणाली, वेळ नाही.