फ्रिजचा गॅस दरवर्षी भरायचा नसतो

ऐरोलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘महागड्या फ्रिजचा गॅस दरवर्षी भरून घ्या, कोणताही मेकॅनिक चालतो.’ हे चुकीचं आहे. मी फ्रिज दुरुस्तीचंच काम करतो. फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही, नळ्या सीलबंद असतात. कमी झाला म्हणजे गळती आहे. ती न शोधता भरलात तर पुन्हा जाणारच.

कॉम्प्रेसरजवळचं लेबल वाचा. आर-६००ए असेल तर आत आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा वायू. आधी व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने काढून, काट्यावर ग्रॅममध्ये मोजूनच तो भरतात. खिडक्या बंद ठेवून अशा फ्रिजच्या नळीला जोडकामाची पेटती टॉर्च लावणारे मी पाहिलेत, अंगावर काटा येतो. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागायला संकोचू नका.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.