बेस कमी पडतोय? अ‍ॅम्प घ्या, राव!

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला बेस म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. गणपतीत महाद्वार रोडला उभं राहिलं की 'चार टॉप, चार बेस' लावलेला ट्रॅक्टर समोरून सरकतो, बंद दुकानांची शटरं टाळ वाजवायला लागतात आणि सकाळची मिसळ पोटात नव्यानं ढवळून निघते. या भिंतीला आपण 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी नावाच्या अभियंत्यानं 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली, तिचा पहिला धंदा टेपवरची खरखर कमी करण्याचा होता. आवाज घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण आवाजाच्या भिंतीला दिलं. नाद खुळा म्हणतात तो हाच.

एवढा अनुभव छातीशी असलेला माणूस कानावर हेडफोन चढवतो, छातीत काहीच हलत नाही, आणि तो एका झटक्यात निदान करतो: हेडफोनला ताकद कमी पडतेय, अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, पाहिजे. अभिनंदन. इथून पुढं मी सांगतो तसं वागा. पैसे हमखास खर्च होतील. बेसचं मागाहून बघू.

सुरुवात राजारामपुरीतल्या कुठल्याही दुकानातून करा. जाताना स्वतःचं, शंभरदा ऐकलेलं गाणं फोनमध्ये घेऊन जाऊ नका. दुकानदाराकडं त्याचं गाणं असतं. ते तो पूर्ण आवाजात लावतो, हेडफोन तुमच्या डोक्यावर ठेवतो आणि म्हणतो, "सायेब, नुसता बेस बघा." तुम्ही बघा. त्या गाण्यात गायक आहे की नाही हे कळलं नाही तरी चालेल. खोक्यावर 20 ते 20,000 हर्ट्झ असं छापलेलं असेल, ते वाचून मान डोलवा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि हे आकडे माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीचे आहेत. हेडफोन 30 हर्ट्झला नुसता कण्हतो की खरोखर वाजतो, हे त्यातून काही कळत नाही. पण कण्हला तरी आकडा छापता येतो.

बेस साधारण 20 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. पोटात उतरणारा खोल माल 60 च्या खाली. तिथपर्यंत पोचायला हेडफोनच्या आत हलून आवाज काढणारा चांगला पडदा लागतो, मापातली बांधणी लागते, म्हणून बरेच स्वस्त 'एक्स्ट्रा बेस'वाले 100 ते 200 च्या आसपास एक उंचवटा करून मोकळे होतात. त्यानं ढोल फुगतो आणि गाणारा बाप्या हंड्यात तोंड घालून गायल्यासारखा वाटतो. मिसळीत नुसता कट ओतत राहिलं की मटकी कुठं गेली ते कळत नाही, तसला प्रकार. हे पकडायचंच असेल तर कुस्तीच्या मैदानावर वाजते ती हलगी, घुमकं आणि कैताळाची जुगलबंदी लावून बघा. घुमकं खाली घुमत असताना हलगीची कडकड वर स्वच्छ राहिली तर हेडफोन बरा. घुमक्यानं हलगी गिळली, तर तो उंचवटा. पण तुम्ही हे करू नका, दुकानदाराचा वेळ जातो.

आता ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. हा शब्द एकदा तोंडात बसला की तुम्ही जाणकार झालात. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा हेडफोन 32, 80 आणि 250 अशा तीन ओहमांत मिळत आलाय. जाणकार माणूस डोळे मिटून 250 चा घेतो. का? आकडा मोठा आहे म्हणून. खासबागेच्या कुस्ती मैदानात वजन जास्त तो पैलवान भारी, असं फक्त बाहेरगावचे लोक समजतात. आपल्याला माहीत आहे की बघायचं असतं ते कोण किती खुराकावर किती काम काढतो ते. हेडफोनचा खुराक सांगणारा आकडा दुसराच असतो, सेन्सिटिव्हिटी: एका मिलिवॉटला किती डेसिबल. हायफायमॅनचा एचई-6 फक्त 50 ओहमचा आणि त्याची सेन्सिटिव्हिटी 83.5 डेसिबल. ओहम कमी, पण बदाम पोत्यानं लागतात. उलट इयरफोनमधली कितीतरी किडकिडीत पोरं साध्या फोनवर कान फाडतात. हा दुसरा आकडा खोक्याच्या खालच्या बाजूला, बारीक अक्षरात, स्टिकरच्या आड असतो. तिथं नख लावायची गरज नाही.

250 ओहमचा हेडफोन फोनला लावला की आवाज कमी येणार. मग तुम्ही म्हणणार, बेस कमी येतोय. दोन्ही एकच, असं धरून चाला. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 सालीच दाखवून दिलं की आवाज हळू असला की आपला कान खालच्या पट्टीला जास्त बहिरा होतो. म्हणजे आवाज वाढवला की बेस आपोआप 'वाढतो'. अ‍ॅम्प विकणाऱ्याचं निम्मं पोट या दोघांच्या आलेखावर चालतं. अ‍ॅम्प लावला, आवाज मोठा झाला, गिऱ्हाईक म्हणालं, "आईशप्पथ, काय बेस आलाय!" आणि पाकीट निघालं.

खरं बघता अ‍ॅम्प बेस घालत नाही. आत येईल ते सगळं तो सारख्या मापानं मोठं करतो. बेसही, गायकाचा सर्दीचा आवाजही. ज्या अ‍ॅम्पवर 'बेस बूस्ट'चा खटका असतो तो घालतो, पण तेच काम फोनमधला इक्वलायझर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या काड्यांनी कमी-जास्त करायची सोय, फुकट करतो. फुकट गोष्टीवर विश्वास ठेवू नये हे वेगळं.

इक्वलायझर वापरलाच तर असा वापरा: 60 हर्ट्झची काडी सरळ वर, 10 डेसिबल. बाकी काही खाली आणू नका. डिजिटल आवाजाला वर छत असतं, त्याला डोकं आपटून ढोल फाटका वाजायला लागेल, आणि तुम्हाला वाटेल हेडफोन फाटला. समजूतदार माणूस प्रीअ‍ॅम्पची, म्हणजे एकूण आवाजाची, काडी आधी 10 नं खाली ओढतो आणि मग बेस वर घेतो. पण मग एकूण आवाज बसतो, आणि 10 डेसिबल परत मिळवायला दहापट वॉट लागतात. हेडफोन आधीच जड खुराकाचा असेल तर इथं फोन खरोखर धापा टाकतो, आणि अ‍ॅम्पचे पैसे वसूल होतात. हे एवढंसं खरं चुकून तोंडातून गेलं. सोडून द्या.

जाता जाता एक जुगाड. घरातल्या जुन्या स्टिरिओ डेकच्या हेडफोनच्या भोकात 32 ओहमचा हेडफोन खुपसून बघा. त्यातल्या बऱ्याच डेकांचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या विजेला डेकचाच अडथळा, शंभर ओहमच्या वर असतो. तो हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा असा ठोकताळा आहे. जास्त असला की काही हेडफोनांत बेस उलट वाढतो, पण सैल, ओल्या घोंगड्यावर दांडकं हाणल्यासारखा. पुष्कळांना तोच आवडतो. चवीचा प्रश्न आहे, तांबड्या रश्शावर साय घालून खाणारेही असतात.

ब्लूटूथवाल्यांसाठी वेगळा सल्ला: तुम्हीही अ‍ॅम्प घ्या. बिनतारी हेडफोनच्या पोटात त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प असतो आणि बाहेरचा जोडायला तारच नसते, म्हणून तो शोकेसमध्ये ठेवायला मोकळा राहतो. माझ्या एका मित्राचा तिथंच आहे, लाल दिव्यासकट. पाहुणे विचारतात. वर भारी तार घ्या, सोनेरी टोकाची. शिवाय हेडफोन 'सेट' व्हावा म्हणून दोनशे तास वाजवत ठेवा, म्हणजे बेस सुटो न सुटो, परत द्यायची मुदत नक्की सुटते.

मी स्वतः हा सगळा मार्ग चालून आलोय. 250 ओहम घेतले, फोनला लावले, हळू वाजले. 11,000 रुपयांचा अ‍ॅम्प घेतला, मोठे वाजले. बेस जागचा हलला नाही. तार बदलली. तार छान होती. शेवटी एका रविवारी भाचा आला. इंजिनियरिंगला आहे, पण मुलगा बरा आहे. मला डोक्यावर हेडफोन घालून तोंड पाडून बसलेलं बघितलं आणि मागं येऊन दोन्ही वाट्या त्यानं तळहातांनी कानावर दाबल्या.

"मामा, आता?"

"आला!" मी ओरडलो. घरभर. "काय केलंस लेका?"

"काही नाही. तुम्ही चष्मा काढा."

चष्मा काढला. दाबायची गरज उरली नाही.

प्रकार असा. 40 हर्ट्झची लाट हवेत साडेआठ मीटर लांब असते. महाद्वार रोडवर तिला हलवायला कपाटाएवढे बेस लागतात. हेडफोनचा पडदा 40-50 मिलिमीटरचा, त्याच्या बापाच्यानं ती लाट उठणार नाही. तो फक्त वाटी आणि कान यांच्यामधली ओंजळभर हवा दाबतो आणि सोडतो. सायकलचा पंप आठवा. वायसर चांगलं तर दोन दट्ट्यांत टायर टणक, वायसर गेलेलं असेल तर खासबागेतला पैलवान आणून लावा, हवा फुस्स. हेडफोनचं वायसर म्हणजे त्याची गादी. चष्म्याच्या काडीनं गादी उचलली की पहिला बळी बेसचा जातो, वरचे सूर तसेच राहतात. अ‍ॅम्प हा पैलवान. तो बिचारा दट्ट्या मारत राहतो.

म्हणून माझा पक्का सल्ला: गाद्यांकडं चुकूनही बघू नका. दोन वर्षांनी रेक्झिनचे काळे पोपडे गालाला आणि उशीला चिकटायला लागले, आईनं "हे काय तोंडाला?" असं विचारलं, तरी गादी बदलू नका, हेडफोन बदला. इयरफोनच्या खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोपणं येतात. मधली लावूनच आलेली असतात, ती जन्मभर तशीच ठेवा, बाकीची ड्रॉवरमध्ये जुन्या सिमकार्डांशेजारी टाका. कान आपला, पण टोपण कंपनी ठरवेल. आणि पाठीमागून उघडा, जाळीचा, ओपन-बॅक हेडफोन घ्यायला तर अजिबात विसरू नका. गाणं फार मोकळं, प्रशस्त वाटतं. फक्त खोल बेस जाळीतून निघून जातो आणि उरलेलं गाणं केएमटीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या काकांना फुकट ऐकायला मिळतं. काकांनाही बेस मिळत नाही.

आवाजाची मर्यादाही पाळायची नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास, 90 असेल तर 4 तास. आवाज 100 वर नेला तर आठवड्याचा सगळा कोटा वीसेक मिनिटांत खलास, म्हणजे रंकाळ्याला एक फेरीसुद्धा पुरी व्हायची नाही. पण आपला कान कोल्हापुरी आहे. तो कानात शिट्टी वाजायला लागली तरी म्हणतो, "शिट्टी आहे, पण बेस कमी आहे."

माझ्यापुढं मात्र पेच उभा राहिला. चष्मा घातला तर बेस जातो, काढला तर फोनवर कुठलं गाणं लावलंय ते दिसत नाही. महिनाभर मी अंदाजानं बोट लावून ऐकलं. दोनदा हनुमान चालिसा लागली, पण काय बेस होता! मग भाच्यानंच मऊ कापडी गाद्या मागवून दिल्या, चष्म्याची काडी त्यांत जरा रुतते. 11,000 च्या तुलनेत त्यांची किंमत सांगायला लाज वाटते, म्हणून सांगत नाही.

यंदा विसर्जनाला पापाच्या तिकटीजवळ बहिणीकडं गेलो. दुपारपासून मिरवणूक. वरच्या खोलीत निवांत बसावं म्हणून हेडफोन घेऊन गेलो होतो. खालून एक मोठं मंडळ आलं. खिडकीच्या काचा बोलायला लागल्या, तांब्यावरचं भांडं कडेकडेनं सरकत निघालं. मी हेडफोन कानावर चढवला, डोळे मिटले. खुर्चीतून, फरशीतून, बरगड्यांतून तो आला, खोल, गोल, पोटाच्याही खालचा. मान आपोआप हलायला लागली.

भाच्यानं खांद्याला हात लावला. ओठ हलले तसे मी एक वाटी बाजूला केली.

"मामा, कसा वाटतोय बेस?"

"एक नंबर," मी म्हणालो.

त्यानं खाली बघितलं. तार अजून माझ्या खिशातच होती.