डुगडुग

सुरुवात एका स्टुलापासून झाली. जुनं लाकडी स्टूल, चार पायांपैकी एकाचं बाकीच्या तिघांशी पटत नव्हतं. बसलं की टक, उठलं की टक. बायको म्हणाली, "सुताराला बोलवू या." एवढ्याशा कामाला सुतार? "मी करतो की," म्हणालो. याला आता १४ महिने झाले.

स्टूल दुरुस्त करायचं तर हत्यारं हवीत, हत्यारं आली की ती ठेवायला जागा हवी, आणि जागा म्हणजे गॅरेज. तिथे गाडी होती. ती थोडे दिवस बाहेर काढली. गाडीचं मत कुणी विचारलं नाही. पक्ष्यांनी मात्र आपलं मत तिच्या टपावर रोज नोंदवलं.

वर्कशॉपचा प्राण म्हणजे टेबल. ते विकतही मिळतं, पण विकतच्या टेबलावर घरचं वर्कशॉप उभारणं मला कॉपी करून पास होण्यासारखं वाटलं. आता टेबल बनवायचं तर फळ्या कापायच्या, फळ्या कापायच्या तर त्या कशावर तरी ठेवायच्या, आणि ज्याच्यावर ठेवायच्या त्यालाच टेबल म्हणतात. घरात शोधाशोध करून मी हा पेच सोडवला. फळी स्टुलावर ठेवली. त्याच स्टुलावर. करवत पुढे गेली की टक, मागे आली की टक. काप सरळ न येता पाण्यावरच्या लाटेसारखा आला. "बाबा, ही डिझाइन मुद्दाम केली?" मुलीने विचारलं. मी हो म्हणालो.

पण खरा घात मोजायच्या टेपने केला. नवा कोरा टेप, आणि टोकाचा पत्र्याचा आकडा (हुक) हलतोय! उत्पादनातला दोष म्हणून मी तो ऐरणीवर धरला आणि हातोडीच्या चार टोल्यांत घट्ट करून टाकला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. नंतर कळलं, तो आकडा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. बरोबर त्याच्या स्वतःच्या जाडीइतका तो सरकतो. फळीच्या कडेला अडकवून ओढला तर जाडीभर बाहेर येतो, कोनाड्यात आत टेकवून दाबला तर जाडीभर आत जातो, म्हणून बाहेरचं माप आणि आतलं माप दोन्ही अचूक येतात. कुणा शहाण्या माणसाने डोकं लढवून ठेवलेला हा मिलिमीटर मी हातोडीने ठार केला होता. त्यानंतर महिनाभर माझी एकही फळी खाचेत बसली नाही, आणि मी मनातल्या मनात लाकूडवाल्याला शिव्या घालत राहिलो.

त्यात करवतीची जाडी. गोल पात्याची करवत एका कापात साधारण ३ मिलिमीटर लाकूड खाते. एका फळीचे पाच सारखे तुकडे करायचे तर चार काप, म्हणजे १२ मिलिमीटरचा नुसता भुसा. मी भागाकार केला होता, वजाबाकी केली नव्हती. पाचवा तुकडा कायम आखूड. घरात आता इतके आखूड पाचवे तुकडे आहेत, की त्यांचं वेगळं टेबल होईल. ठेंगण्या लोकांसाठी.

चिकटवण्याच्या कामाला फळ्या दाबून धरणारे क्लॅम्प लागतात. माझ्याकडे चार होते. पुरेसे क्लॅम्प असलेला माणूस मला अजून भेटायचाय. दोन फळ्या जोडायच्या म्हटलं की सहा लागतात, सहा आणले की जोडणी दहाची निघते. मग विटा ठेवल्या, रंगाचे वाळून दगड झालेले डबे ठेवले, तरी एक टोक वर उचललेलंच. शेवटी त्या टोकावर मी स्वतः बसलो. गोंद धरायला अर्धा तास लागतो, पुरता मुरायला २४ तास. बायकोने दारातून विचारलं, "काय करतोयस?" "क्लॅम्प आहे मी," म्हणालो. तिने शांतपणे दार लावून घेतलं.

टेबल उभं राहिलं. वर पाणसळ ठेवली तर बुडबुडा थेट एका टोकाला जाऊन चिकटला. तीन दिवस रंधा मारला. पुरुषभर भुसा निघाला, बुडबुडा हलला नाही. चौथ्या दिवशी हातातला स्क्रू पडला, घरंगळत निघाला आणि थेट शटरपाशी जाऊन थांबला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी बाहेर वाहून जावं म्हणून गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार दिलेला असतो. मोजला, मीटरला २ सेंटीमीटर. टेबल सरळच होतं, जग तिरकं होतं.

मग पाय कमीजास्त केले. दीड मीटर अंतरावरच्या पायांत ३ सेंटीमीटरचा फरक ठेवला, आणि बुडबुडा एकदाचा मधोमध येऊन बसला. त्या रात्री मी दोनदा उठून त्याला बघून आलो. फक्त एक झालं. हे टेबल आता त्याच जागी आणि त्याच दिशेने सरळ राहतं. उलटं फिरवलं तर टेबलाचा तिरकेपणा आणि जमिनीचा उतार एकत्र येऊन ६ सेंटीमीटरची घसरगुंडी होते. आणि ती एकमेव जागा गाडीच्या जागेच्या बरोबर मधोमध आहे.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय घरात अजून ताजा आहे. करवत आणि भुसा ओढणारा व्हॅक्युम एकाच एक्स्टेन्शनवर लावले. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, हे मला माहीत नव्हतं. एमसीबीला माहीत होतं. तो पडून घरातली वीज गेली तेव्हा बायको ऑनलाइन मीटिंगमध्ये पगारवाढीबद्दल बोलत होती. आता इलेक्ट्रिशियनने जाड तारेची वेगळी लाइन टाकून दिली आहे. ते काम मी स्वतः केलेलं नाही, हे इथे मुद्दाम नमूद करतो, कारण तिनेच नमूद करायला सांगितलंय.

भिंतीवर भोकांची पाटी लावली आणि प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगवली. हत्यार जागेवर नसलं की लगेच कळावं, ही कल्पना. आता लगेच कळतं. पकडीच्या जागी पकडीची सावली आहे, दहाच्या पान्याच्या जागी दहाच्या पान्याची. छोटी हातोडी, गुण्या, सगळे गेलेले. संध्याकाळी त्या भिंतीसमोर उभं राहिलं की उगाच आवाज खाली येतो.

तर, परवा वर्कशॉप पूर्ण झालं. आता स्टूल. ते १४ महिने इथेच राबत होतं. त्यावर बसून जेवढी कामं केली, तेवढी त्याच्यासाठी केली नाहीत. आधी नीट तपासावं म्हणून पाण्याच्या जाळीपाशी, जिथे जमीन जरा खोलगट आहे, तिथे ठेवून बसलो. आवाज नाही. उठलो. आवाज नाही. पुन्हा बसलो, डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो. जागचं हललं नाही.

मी बायकोला हाक मारली. ती बसली, उठली, पुन्हा बसली. माझ्याकडे बघून पहिल्यांदाच कौतुकाने हसली, स्टूल उचललं आणि घरात नेऊन ठेवलं.

टक.

"घराची फरशी चुकली आहे," मी म्हणालो आणि पाणसळ आणायला गॅरेजकडे वळलो.