मधूनच उडी मारा, रेट पेरू नका

एका लेखात झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावर एलडीआयची (स्मृतीतला एक बाइट दुसऱ्या जागी नेणारी सूचना) लांबलचक रांग हव्या त्या जागी थांबवण्यासाठी मध्ये रेट ही 'परत जा' सूचना (२०१) लिहायला सांगितलंय. चालतं, पण काम झाल्यावर तिथे पुन्हा २३७, म्हणजे एलडीआयचा पहिला बाइट, लिहावा लागतो. मी एकदा तो विसरलो आणि पुढची मोठी चित्रं अर्धवटच उमटत राहिली. तेव्हापासून मी उलटं करतो: शेवट पक्का ठेवायचा आणि रांगेत मधूनच शिरायचं. एक एलडीआय २ बाइटचा, म्हणून रांगेच्या शेवटच्या पत्त्यातून हलवायच्या बाइटसंख्येची दुप्पट वजा करायची. एचएल रजिस्टरमध्ये स्रोताचा पत्ता अडकलेला असतो, तेव्हा उडी आयएक्स रजिस्टरमधून.

दुप्पट करायला मात्र विसरू नका! विषम संख्येला उडी एलडीआयच्या दुसऱ्या, १६० या बाइटवर पडते, झेड८० प्रोसेसर तो 'अँड बी' समजतो, मशीन अडकत नाही, फक्त ए रजिस्टर बिघडतं आणि निम्म्याहून कमी बाइट जातात. अशी चूक शोधताना रात्र जाते.

एवढा खटाटोप कशाला? एलडीआयआरला (तेच काम आपोआप पुन्हा पुन्हा करणारी सूचना) दर बाइटला २१ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, एलडीआयला १६, आणि पडद्यावरच्या एका फ्रेममध्ये मिळतात जेमतेम ६९,८८८. शिवाय ही रांग ३२७६८ या पत्त्याच्या वरच ठेवा, खाली पडद्यावर चित्र काढणारी यूएलए चिप वेळ खाते.