पाऊस उघडल्यावर डोंगरातली वाट केव्हा सुकते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘पावसानंतर दोन दिवस डोंगरवाटांवर माउंटन बाइक नेऊ नये’ या माझ्या लेखातल्या विधानावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावरची वाट दोन तासांत कोरडी होते. ‘दक्षिण उतार आधी सुकतो’ हे वाक्य मी परदेशी लेखांतून जसेच्या तसे उचलले आहे. आणि ज्या वाटेवरून रोज गुरे जातात तिथे सायकलीने वेगळे काही बिघडत नाही. यांपैकी पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत, तिसरा नाही.

दोन दिवसांचा हिशेब चुकीचा होता, कारण वाट किती लवकर सुकेल हे पाऊस थांबून किती वेळ झाला यापेक्षा पडलेले पाणी कुठे गेले यावर अधिक ठरते. मसाई पठार जांभ्या दगडाचे आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यावर मातीचा थर जेमतेम असतो, त्यामुळे पाणी एक तर वाहून जाते किंवा छिद्रांतून खाली मुरते, आणि मळलेली वाट उघडीप मिळताच टणक लागते. आपले निरीक्षण म्हणूनच बरोबर आहे. मात्र खाली मुरलेले पाणी नाहीसे होत नाही. जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर असतो, तिथे ते अडते आणि कड्याच्या पायथ्याशी पाझर होऊन बाहेर येते. माथा दुपारपर्यंत खडखडीत झालेला असताना त्याच माथ्यावरून उतरणारी वाट कड्याखाली ओलीच असते, आणि पाऊस संपल्यानंतरही कित्येक दिवस ती तशीच राहते. माझ्या लेखात या पाझराचा उल्लेखही नव्हता, ही मला अधिक मोठी चूक वाटते.

आता पंचगंगेच्या काठाने पूर्वेकडे, हातकणंगले-शिरोळच्या बाजूला गेलो की काळी माती लागते. तिच्यातले चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात आणि पाणी मिळाले की फुगतात. जूनमधला पहिला पाऊस उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून सरळ आत जातो, आणि त्या मिटल्या की निचरा जवळजवळ थांबतो. मग उसातून जाणारी पाणंद घ्या. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस वारा अडवतो, सकाळ-संध्याकाळचे ऊनही अडवतो, आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी साचून राहते. शेजारच्या शेताला पाणी पाजले असेल तर एप्रिलमध्येही अशी पाणंद चिखलाची असते. तिथे दोन दिवस काय, आठवडाही पुरत नाही.

यासाठी आपल्याकडे एक अचूक शब्द आधीपासून आहे आणि मूळ लेखात तो मी वापरायला हवा होता, तो म्हणजे वाफसा: माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, मशागतीला योग्य अशी तिची अवस्था. पावसानंतर कुळव कधी घालायचा हे शेतकरी दिवस मोजून ठरवत नाही, तो मूठभर माती दाबून पाहतो. वाटेसाठीही हीच परीक्षा चालते, फक्त माती चार बोटे खालून घ्यावी, कारण वरचा पापुद्रा आधी पांढुरका होतो आणि सुकलेला हाच थर खालची ओल कोंडून ठेवतो. गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटला तर वाट चालवण्यासारखी आहे. तो चपटा झाला, बोटांना चिकटला, तर तीच माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरणार आहे. जांभ्यावर ही परीक्षा करण्याचा प्रश्न येत नाही. तिथे शेवाळ पाहावे लागते, कारण पाणी निघून गेलेला दगडही निसरडा असतो.

दक्षिण उताराबद्दल आपण केलेली टीका मला सर्वांत उपयोगी वाटली. कोल्हापूर सुमारे 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही डोक्यावर असतो, आणि या दोहोंच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात दक्षिण उताराला जास्त ऊन मिळतच नाही. शिवाय जुलैत आकाश झाकलेले आणि हवा दमट असल्यामुळे बाष्पीभवनाचा वाटा मुळातच कमी राहतो. त्या महिन्यांत वाट सुकते ती निचऱ्याने आणि वाऱ्याने. डिसेंबरमध्ये मात्र माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे 50 अंशांवर येतो. अवकाळी पावसानंतर दोन्ही उतारांतला फरक तेव्हा खरोखर दिसतो. परदेशी लेखांतले वाक्य आपल्याकडे फक्त हिवाळ्यात लागू पडते, हे मी तपासून लिहायला हवे होते.

झाडांच्या सावलीबद्दल माझे मत कायम आहे, पण त्यात एक भर घालतो. हलकी सर आली तर पाने बरेच पाणी वरच्यावर झेलतात आणि झाडाखालची वाट उघड्या वाटेपेक्षा कोरडी राहते. झड लागली की उलट होते: पाऊस थांबल्यावरही पानांतून ठिबकत राहते, आणि खालचा पालापाचोळा ओल धरून ठेवतो.

राहिला गुरांचा मुद्दा. गुरांच्या खुरांनी माती तुडवली जाते, खड्डे पडतात, हे खरे आहे. पण खुराचा ठसा सुटा असतो, त्यात पाणी साचते आणि तिथेच मुरते. चाक उतारावर सलग चर ओढते, ब्रेक दाबून घसरत गेले तर अधिकच खोल. पुढच्या सरीचे पाणी वाटेच्या कडेने खाली न उतरता या चरातून वेगाने धावते आणि माती घेऊन जाते. आडव्या उतारावर वाट बाहेरच्या अंगाला थोडी कललेली असली आणि अधूनमधून तिला हलका चढ दिलेला असला, तर पाणी तिथे तिथे बाहेर पडते. आपल्या बहुतेक पायवाटा अशा आखलेल्या नाहीत, त्या सरळ उताराला उतरतात. म्हणून सलग चराची मला इतकी काळजी वाटते. चिखल चुकवायला वाटेच्या बाजूने सायकल घातली तर पठारावर नुकसान आणखी होते. ऑगस्ट-सप्टेंबरची फुले ज्या बोटभर मातीत उगवतात, तीच तिथे उखडली जाते.

मूळ लेखातले दोन दिवसांचे वाक्य मी आज काढले असून त्या जागी मातीच्या गोळ्याची परीक्षा आणि पाझराचा परिच्छेद घातला आहे. आपण पठारावरून ज्या वाटेने खाली उतरता, तिथे कड्याखाली ओल कुठपर्यंत आणि कोणत्या महिन्यापर्यंत टिकते हे आपण पाहिले असेल तर जरूर लिहावे. ती माहितीही मी लेखात समाविष्ट करीन.