होनोलुलूत वाणसामान

नवऱ्याची बदली हवाई बेटांवरच्या होनोलुलूला झाली तेव्हा लोक समुद्र, सूर्यास्त आणि हुला नृत्याबद्दल बोलत होते. वाणसामानाला किती लागेल, हा प्रश्न एकट्या माझ्या नवऱ्याला पडला, कारण त्याला एक्सेल येतं. डॅलसमधल्या आमच्या खर्चावर त्याने तीस टक्के चढवले, त्या रकान्याला 'बेट' असं नाव दिलं आणि शेवटी 'किरकोळ' म्हणून पन्नास डॉलर टाकले. घरात किरकोळ काय काय लागतं हे ज्याला माहीत नसतं, तोच असा रकाना करतो.

पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये गेलो. इथे बहुतेक वस्तूंखाली दोन भाव लावलेले असतात. एक दुकानाच्या कार्डवाल्यांचा, दुसरा बाकीच्यांचा. हा दुसरा भाव माणसाने तातडीने कार्ड काढावं एवढ्यासाठीच छापत असावेत. आम्ही काढलं. तरी दुधाचा गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, आठ डॉलरच्या वरच. अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर नवऱ्याची रुपयात गुणायची सवय सुटली होती, ती तिथेच दुधाच्या फ्रीजसमोर उलटली. "लिटरला किती पडलं माहितीये?" तो म्हणाला. मी म्हटलं, "नको सांगूस, चहा गोड लागणार नाही."

कांद्यापाशी खरी पंचाईत झाली. नवरा नाशिकचा. इथल्या माउई बेटावरचा कांदा गोड म्हणून नावाजलेला आणि भावही त्या नावाला साजेसा. नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. "चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही म्हणे," मी म्हटलं. तो म्हणाला, "हो, ते आधीच येऊन जातं."

हे सगळं एवढं महाग का, याचा मग त्याने अभ्यास केला. काही माणसांना कारण कळलं की भाव उतरल्यासारखं वाटतं. हवाईत लोक जे खातात त्यातलं बहुतेक सगळं बाहेरून येतं. सगळ्यात जवळचा मोठा किनारा कॅलिफोर्नियाचा, तोही सुमारे ३,८०० किलोमीटरवर. त्यात १९२० चा जोन्स कायदा. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं आणि त्यावरचे खलाशीही मुख्यतः अमेरिकी हवेत. अशी जहाजं थोडी आणि महाग. म्हणजे आशियातून आलेलं परदेशी जहाज लॉस एंजेलिसला बटाटे चढवून ते आम्हाला आणून देऊ शकत नाही. जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा कायदा ऐकावा लागतो, तोही वरण वाढायच्या आधी. शिवाय इथला जनरल एक्साइज टॅक्स. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत किराण्यावर विक्रीकर नसतो. इथे कोथिंबिरीच्या जुडीवरही ४.७१२ टक्के लागतात. दशांश चिन्हानंतर तीन आकडे पाहून नवऱ्याला मात्र बरं वाटलं.

आणि साखर! शंभर-दीडशे वर्षं या बेटांनी ऊस पिकवला, कच्ची साखर जहाजाने कॅलिफोर्नियाला शुद्ध करायला पाठवली आणि चहासाठी तीच विकत घेतली. शेवटचा कारखाना माउईवर पुउनेनेला होता, तो २०१६ च्या डिसेंबरात बंद झाला. आमच्याकडे कारखाना बंद पडला की निदान एखादा आमदार तरी पडतो.

तरीही दूध, कांदा, साखर परवडली. अंदाजपत्रक कोलमडलं ते तूरडाळीने. डॅलसमध्ये डाळीच्या पिशव्यांच्या थप्प्या असायच्या. इथे इंडियन दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी गेले त्या दुकानात फळीवर 'तूरडाळ' अशी चिठ्ठी होती, तिच्यावर भावही होता, फक्त डाळ नव्हती. "नेक्स्ट कंटेनर," दुकानदार म्हणाला. कंटेनर कधी येणार हे विचारायचं नसतं, पावसासारखंच. घरी येऊन सांगितलं, तर नवरा खूश. "म्हणजे या महिन्यात डाळीचा खर्च शून्य!"

ऑनलाइन मागवावी, तर 'संपूर्ण अमेरिकेत फुकट घरपोच' या वाक्यावर एक बारीक तारका असते. आम्ही त्या तारकेखाली राहतो.

शेवटी शेजारणीने मला चायनाटाउनच्या बाजारात नेलं. इथे वडीलधाऱ्या बाईला सगळेच 'आंटी' म्हणतात, ही सोय झाली. एका फिलिपिनो आंटीच्या पुढ्यात शेवग्याच्या शेंगा! बाजूला शेवग्याचा पाला, चवळीच्या हातभर शेंगा, कारली आणि पलीकडे, मी दोनदा पाहिलं, अळू. इथे त्याच्या पानांना लुआउ म्हणतात आणि त्यांत मांस गुंडाळून शिजवतात. आंटीने बजावलं, "खूप शिजव हं, नाहीतर घसा खाजेल." मी गुहागरची. मला हे सांगणारी बाई पॅसिफिकच्या मध्यावर भेटेल असं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अळूवड्या झाल्या. पानांच्या मागच्या जाड शिरा सुरीने तासल्या, चिंचगुळाचं बेसन थापलं, एकावर एक पानं ठेवून घट्ट वळकटी केली आणि उकडायला लावली. नवरा शेजारी बसून हिशेब करत होता. पानं सगळ्यात स्वस्त, बेसन पानांपेक्षा महाग आणि तेल बेसनापेक्षा. "वड्या नुसत्या उकडून खाल्ल्या तर?" त्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

चार वड्या शेजारणीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या झाडाचा नीरफणस आला. इथे त्याला उलू म्हणतात आणि कापं अगदी आपल्यासारखीच होतात. मे-जूनमध्ये आंब्यांची खोकी येऊ लागली. ज्याच्या परसात झाड, त्याला आंबे वाटल्याशिवाय सुटका नसते. ही देवाणघेवाण एक्सेलमध्ये कुठे बसवायची, हे नवऱ्याला अजून सुचलेलं नाही. 'येणे' मध्ये आंबे लिहिले, तर 'देणे' मध्ये माझी दुपार लिहावी लागते आणि तिचा दर मी सांगत नाही.

जून ते नोव्हेंबर इथे चक्रीवादळांचा हंगाम. घरात चौदा दिवसांचं अन्नपाणी भरून ठेवा, असं सरकार सांगतं. आईला फोनवर हे सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "चौदा दिवस? अगं, आपण पावसाळ्याच्या चार महिन्यांची आगोट भरायचो!" मग तिने तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं, मसाला असं सगळं मला घ्यायला लावलं. तांदळाच्या गोणी पलंगाखाली गेल्या. टॉयलेट पेपर पलंगावर, कारण बंदरात संप होणार अशी नुसती कुजबुज झाली, तरी हवाईत आधी तोच गायब होतो. त्या महिन्यात 'बेट' आणि 'किरकोळ' हे दोन्ही रकाने नवऱ्याने लपवून टाकले. एक्सेलमध्ये तशी सोय आहे.

आता आई दिवाळीला येतेय. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. नवऱ्याने तिला वजनांसकट यादी पाठवली: तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं, भाजणी. तांदूळ आणायचा नाही, धान्यातल्या खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने अमेरिकेचं कस्टम तो काढून घेतं, अशी तळटीपही दिली. आईने यादी चष्मा लावून वाचली आणि मला फोन केला.

"जावईबापूंना म्हणावं, यादी छान आहे. फक्त साड्यांपुढे दीड किलो लिहिलंय, तिथे नुसत्या पैठणीचंच किलोभर होतं."