साप आणि प्रोन: एका प्रतिक्रियेला उत्तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून खेळायच्या फाशांच्या खेळात सापाला 'प्रोन' करता येतं, म्हणजे पाडता येतं, या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय: 'साप जन्मापासून आडवाच असतो, त्याला काय पाडणार? नियम पाठ करण्यापेक्षा जरा डोकं वापरा. आकाराची अटही सांगितलेली नाही. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत तर बिनपायाच्या प्राण्यांना पाडताच येत नाही.'

साहेब, पटलं नाही तर नाही म्हणा की, माझी ना नाही. पण 'जरा डोकं वापरा' ही बोलायची कुठली रीत? बेळगावात आमच्या टेबलावर कन्नड बोलणारे आहेत, मराठी बोलणारे आहेत. नियमांवरून मध्यरात्रीपर्यंत भांडतो, पण आजवर कुणी कुणाची अक्कल काढलेली नाही. तुम्ही ती टोपणनावाच्या आडून काढलीत.

बरं, वापरतो डोकं. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत प्रोन झालं की उठायला निम्मी चाल जाते आणि ५ फुटांच्या आतून वार करणाऱ्याला अ‍ॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. यात पाय कुठे आले? खेळातल्या प्राण्यांचं पुस्तक असलेल्या २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये जेलॅटिनस क्यूबला (जेलीच्या चौकोनी ठोकळ्यासारख्या प्राण्याला) प्रोन लागू होत नाही असं स्वच्छ छापलंय. कन्स्ट्रिक्टर स्नेकच्या (विळखा घालणाऱ्या सापाच्या) स्टॅट ब्लॉकमध्ये, म्हणजे माहितीच्या चौकटीत, तसं काही नाही. क्यूबच्या वेळी ज्यांना आठवलं, ते सापाच्या वेळी विसरले म्हणता?

आणि साप तर मला शिकवूच नका. माझं लहानपण खानापूरकडच्या शेतात गेलंय. भाताच्या गंजीतून निघालेली धामण आजोबांनी काठीने उचलून बांधापलीकडे फेकली, ती पाठीवर पडली. पिवळट पोट वर. साप पोटाच्या खवल्यांनी जमीन धरतो. ती पकड सुटल्यावर सरकणार कशी? डोक्याकडून पीळ घालत आधी सुलटी झाली, मग पळाली. निम्मी चाल तिथेच गेली की हो! तेवढ्यात कुणी वार केला असता तर तिला चुकवता आला असता का, हे तुम्हीच सांगा. बहुतेक तुम्ही साप मोबाईलवरच बघितला असणार.

आकाराचं मान्य. एक ओळ घालायला हवी होती: ढकलणाऱ्यापेक्षा आकाराने एकच पायरी मोठ्या प्राण्यापर्यंत चालतं. म्हणजे माणसाला साधा कन्स्ट्रिक्टर पाडता येईल, जायंट कन्स्ट्रिक्टर नाही. लेखात घालतो.

पाथफाइंडर हा वेगळा खेळ आहे, माझा लेख त्यावर नव्हताच. पुढच्या वेळी नावानिशी लिहा, मग त्यावरही बोलू.